पृथ्वीचा परीघ काढण्याची असाइनमेंट आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय: प्रश्न कितपत मोकळा ठेवावा?

शंकुच्छाया (इंदूर)

नमस्कार. मी इंदुरातील एका विद्यापीठात पदव्युत्तर वर्गाला खगोलशास्त्र हा ऐच्छिक विषय शिकवते. या सत्रात नेहमीच्या सूत्रात आकडे भरण्याच्या गणितांबरोबर एक मोकळा प्रश्न असाइनमेंट म्हणून दिला होता. त्यावर विद्यार्थ्यांनी निनावी अभिप्राय लिहून दिले असून, पुढच्या वर्षी तो प्रश्न तसाच ठेवावा की बदलावा हे ठरवण्याआधी येथील मंडळींचे मत घ्यावे असे वाटले. इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदा ही तिन्ही शहरे त्या असाइनमेंटमध्ये आलेली आहेत आणि तिन्ही ठिकाणचे सदस्य येथे नियमित लिहितात, हेही धागा काढण्याचे एक कारण आहे.

प्रश्न असा होता: एक मीटर उंचीची काठी, ओळंबा आणि मोजपट्टी एवढ्याच साधनांनी, दुसऱ्या गावातील सहकाऱ्याच्या मदतीने, मार्चमधील विषुवदिनाच्या (दिवस आणि रात्र सारखे असण्याच्या दिवसाच्या) सुमारास पृथ्वीचा परीघ काढा, उत्तरात किती चूक असू शकते आणि ती कोठून आली असावी, तेही लिहा. एकूण वीस गुणांपैकी चार गुण अंतिम आकड्याला होते आणि उरलेले सोळा गाव निवडण्यामागचा विचार, मोजण्याची पद्धत आणि चुकीची चर्चा यांना होते.

याच असाइनमेंटमधील दुसरा प्रश्न आयो या उपग्रहाच्या कक्षेवरून गुरूचे वस्तुमान काढण्याचा होता. आवर्तनकाल 1.77 दिवस आणि कक्षेची त्रिज्या सुमारे 4,22,000 किलोमीटर, हे दोन्ही आकडे मी दिलेले होते. जवळजवळ सर्वांचे उत्तर 1.9 गुणिले 10 चा 27 वा घात किलोग्रॅम असे बरोबर आले, आणि त्या प्रश्नाविषयी अभिप्रायांत एक अक्षरही नाही.

सगळी नाराजी परिघाच्या प्रश्नावर आहे. प्रश्नात माहिती अपुरी होती, कोणते अंतर धरायचे आणि किती वाजता मोजायचे हे सांगितलेच नव्हते, ही तक्रार सर्वांत जास्त वेळा आली आहे. नमुन्यादाखल एकही सोडवलेले उदाहरण दिले नाही, गटातील एकदोघांनीच काम केले आणि गुण मात्र सर्वांना सारखे मिळाले, असेही अनेकांनी लिहिले आहे. सर्वांत तिखट अभिप्राय गुणदानाविषयी आहे, कारण परीघ सुमारे 52 हजार किलोमीटर काढणाऱ्या गटाला 40 हजारांच्या जवळ पोहोचलेल्या एका गटापेक्षा अधिक गुण मिळाले. उलट बाजूने, घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा वेगळे असतात हे पहिल्यांदाच अंगणात उभे राहून कळले, असे लिहिणारेही काही जण आहेत.

अंतर आणि वेळ मी जाणूनबुजून सांगितली नव्हती. ती ठरवणे हाच प्रश्नाचा गाभा आहे, असे माझे मत आहे आणि अभिप्राय वाचूनही ते बदललेले नाही. तरीही इतक्या जणांना एकच गोष्ट खटकत असेल, तर ती नेमकी कोणती आहे हे समजून घ्यायला हवे.

तुकोगंजकर (इंदूर)

मॅडम, मी याच वर्गात होतो आणि निनावी अर्जावर जे थोडक्यात लिहिले ते येथे सविस्तर मांडतो. आमच्या गटाने ग्वाल्हेर निवडले, कारण तिथे गटातील एकाचे मामा राहतात. निवडीमागे याहून खोल विचार नव्हता. विषुवदिनाला सूर्य मध्यान्ही आला की सावलीचा कोन, म्हणजे उभी काठी आणि सूर्यकिरण यांमधला कोन, आपल्या अक्षांशाइतकाच असतो, म्हणजे इंदुरात साधारण 22.7 अंश आणि ग्वाल्हेरला 26.2. एक मीटरच्या काठीची सावली इंदुरात 42 सेंटीमीटरच्या आसपास आणि ग्वाल्हेरला 49 च्या आसपास मिळाली, कोनांतला फरक साडेतीन अंशांच्या जवळ आला, आणि नकाशावरून दोन्ही शहरांतले सरळ अंतर सुमारे 453 किलोमीटर घेतल्यावर, साडेतीन अंशांना एवढे तर पूर्ण 360 अंशांना किती या हिशोबाने परीघ 46,600 किलोमीटर निघाला.

उत्तर 40 हजारांच्या आसपास यायला हवे हे आम्हाला ठाऊक होते, म्हणूनच आम्ही शोधत बसलो. ग्वाल्हेर इंदूरच्या सरळ उत्तरेला नाही, चांगले सव्वादोन अंश पूर्वेकडेही आहे, आणि सावलीच्या लांबीतला फरक फक्त उत्तर-दक्षिण अंतरामुळे पडतो, हे मग ध्यानात आले. ते अंतर 388 किलोमीटर घेतल्यावर उत्तर जागेवर आले.

त्यामुळे अंतर कोणते धरायचे हे आधी सांगायला हवे होते, या मताशी मी सहमत नाही. ते सांगितले असते तर करण्यासारखे काही उरलेच नसते. माझी तक्रार वेगळी आहे. चार आणि सोळा ही गुणांची वाटणी आम्हाला निकालानंतर समजली. शाळेपासून आजवर उत्तर बरोबर तर गुण पूर्ण, हाच आमचा अनुभव आहे, आणि ज्यांनी चुकीच्या चर्चेला दोन ओळींत उरकले त्यांनी ते आळसाने केले नाही. तेवढीच तिची किंमत असेल असे त्यांना वाटले.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

मी पॉलिटेक्निकमध्ये सर्वेक्षण शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझा रोख गुणांपेक्षा काठीकडे राहील. या प्रश्नाची अडचण अंतरापाशी किंवा वेळेपाशी संपत नाही, आणि अभिप्रायांत कोणीच सावलीच्या टोकाचा उल्लेख केलेला नाही, याचे मला नवल वाटले.

सूर्य हा बिंदू नाही. त्याच्या बिंबाची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. त्यामुळे काठीच्या सावलीला टोक म्हणून काही नसतेच. गडद सावली एका ठिकाणी संपते, तिच्यापुढे उपच्छायेचा धूसर पट्टा असतो आणि मग ऊन लागते. एक मीटरची काठी आणि 42 सेंटीमीटरची सावली असेल तर हा पट्टा एक सेंटीमीटरहून थोडा जास्तच रुंद पडतो. इंदूर आणि ग्वाल्हेर येथील सावल्यांच्या लांबीत मुळात फरक आहे सात-साडेसात सेंटीमीटरचा. आता इंदूरच्या मुलाने गडद सावलीची कड धरली आणि ग्वाल्हेरच्या मामांनी धूसर पट्ट्याची बाहेरची कड धरली, तर साडेतीन अंशांत अर्ध्या अंशाची चूक आलीच, म्हणजे उत्तर पंधरा टक्क्यांच्या आसपास सरकले. दोघांनी एकच कड धरली तर दोन्हीकडची चूक सारखी असल्याने वजाबाकीत निघून जाते.

दुसरी गोष्ट ओळंब्याची. काठीचे वरचे टोक उत्तरेकडे एक सेंटीमीटर झुकलेले असले, आणि एवढे झुकणे डोळ्यांना जाणवत नाही, तरी कोनात जवळजवळ अर्धा अंश वाढतो. म्हणून सावली काठीच्या बुडापासून मोजूच नये. काठीच्या टोकावरून ओळंबा सोडावा, तो जमिनीला जिथे टेकतो तिथे खूण करावी आणि तिथून मोजावे; मग काठी वाकडी असली तरी बिघडत नाही, फक्त टोकाची जमिनीपासूनची उंची वेगळी मोजून घ्यावी. टोकावर बारीक छिद्राची पुठ्ठ्याची चकती बसवली तर आणखी चांगले, कारण जमिनीवर सूर्याची छोटी प्रतिमा पडते आणि तिचा मध्य धरता येतो.

हे सगळे पोरांना आधी सांगावे की नाही, हा प्रश्न ताईंनी सोडवावा. मी शिकवायचो तेव्हा ओळंब्याचे सांगत असे आणि उपच्छायेचे सांगत नसे.

रामबागची_लेक (इंदूर)

मी शाळेत गणित शिकवते, विद्यापीठाचा मला अनुभव नाही, पण गुणदानाच्या बाबतीत तुकोगंजकरांचे म्हणणे मला पटते. प्रश्न मोकळा ठेवणे आणि गुण कशाला आहेत हे गुप्त ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे मुले विचार करतात, तर दुसरीमुळे शिक्षकाच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधत बसतात. चार-सोळाची वाटणी प्रश्नाखाली छापली असती तर प्रश्नाचा मोकळेपणा तसूभरही कमी झाला नसता.

मला अधिक काळजी वाटते ती भाषेची. सोळा गुण विचार मांडण्याला आहेत, म्हणजे लिहिण्याला आहेत, आणि आपल्याकडच्या वर्गात हिंदी माध्यमातून आलेली, घरी मराठी बोलणारी आणि इंग्रजीत परिच्छेद लिहिताना अडखळणारी मुले कमी नसतात. आकड्याला भाषा लागत नाही, चुकीच्या चर्चेला लागते. ज्या गटाला बरोबर उत्तर असूनही कमी गुण मिळाले, त्याची चर्चा खरोखर उथळ होती की केवळ तुटक इंग्रजीत होती, हे पाहिले गेले का?

शंकुच्छाया (इंदूर)

भाषेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. हिंदीत किंवा मराठीत लिहिले तरी चालेल असे मी वर्गात तोंडी सांगितले होते आणि काही जणांनी तसे लिहिलेही. पुढच्या वेळी ते प्रश्नपत्रिकेवरच येईल. गुणांच्या वाटणीचेही तसेच. यावर वाद घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

मात्र त्या दोन गटांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण अभिप्रायांत त्यांची तुलना वारंवार झाली आहे. ज्यांचे उत्तर 52 हजार आले, त्यांनीही इंदूर-ग्वाल्हेर हीच जोडी घेतली होती आणि उत्तर-दक्षिण अंतर योग्य धरले होते, पण दोन्हीकडे सावली मोजली ती घड्याळात बरोबर बारा वाजता. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे. इंदूर त्याच्या बरेच पश्चिमेला असल्याने येथे सरासरी मध्यान्ह 12 वाजून 26-27 मिनिटांनी होतो, आणि 20 मार्चच्या सुमारास सूर्य आणखी सात-साडेसात मिनिटे मागे असतो, म्हणजे मध्यान्हाला 12 वाजून 34 मिनिटे होतात. ग्वाल्हेरला तोच 12 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास होतो. बाराच्या ठोक्याला मोजले तर दोन्हीकडे सावली लांबच मिळते, पण इंदुरात कोन जवळजवळ दीड अंशाने वाढतो आणि ग्वाल्हेरला पाऊण अंशाहूनही कमी वाढतो. फरक साडेतीनऐवजी 2.7 अंशांवर येतो आणि पृथ्वी तेवढ्याने फुगते. हे सारे त्या गटाने स्वतः शोधून, गणित करून, दोन पानांत लिहिले होते. ढगांमुळे पुन्हा मोजणे मात्र त्यांना जमले नाही. त्यांना मी भरघोस गुण दिले आणि पुन्हाही देईन.

दुसऱ्या गटाचे उत्तर 40,075 किलोमीटर होते. काठीने मोजून पाच आकडी उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जुळावे हे एक नवल, आणि त्यातही 40,075 हा विषुववृत्तावरचा परीघ आहे. ध्रुवांवरून जाणारा परीघ 40,008 च्या आसपास भरतो आणि उत्तर-दक्षिण अंतराने मोजणाऱ्याला जवळ जायचेच असेल तर त्याच्या जवळ जायला हवे. चुकीच्या चर्चेत त्यांनी ‘मानवी चूक’ एवढेच लिहिले होते. आकडे जुळवले असा आरोप मी केला नाही, कारण तो सिद्ध करता येत नाही. उत्तराचे चार गुण त्यांना पूर्ण दिले आणि बाकीचे जेवढे लिहिले होते तेवढ्याचेच दिले.

माझी खरी अडचण येथे आहे. ज्याचे उत्तर सर्वांना पाठ आहे असा प्रश्न विचारला की आकडे उलटीकडून बसवण्याचा मोह होणारच. म्हणून तो बदलावा, या विचारापर्यंत मी आले आहे.

तुकोगंजकर (इंदूर)

उत्तर ठाऊक नसते तर आमच्या गटाने 46,600 किलोमीटर लिहून, चुकीच्या चर्चेत वाऱ्याने काठी हलल्याचे नमूद करून वही दिली असती. ज्ञात उत्तर काहींना फसवायला उपयोगी पडते, तसे काहींना थांबून विचार करायला लावते. ते काढून घेऊ नये.

सयाजीगंज_वाचक (बडोदा)

मी हौशी आकाशनिरीक्षक आहे. धाग्यात बडोद्याचे नाव आले आणि मग कोणी पुढे बोलले नाही, म्हणून विचारतो की बडोद्याची जोडी घेणाऱ्या गटाचे काय झाले? बडोद्याचा अक्षांश 22.3 आहे, म्हणजे इंदूरपेक्षा जेमतेम 0.4 अंशाने कमी. सावल्या जवळजवळ सारख्याच मिळणार.

शंकुच्छाया (इंदूर)

तसेच झाले. कोनांतला फरक अर्ध्या अंशाहून कमी आणि अंतर नकाशावरून 280 किलोमीटर, त्यामुळे पृथ्वीचा परीघ अडीच लाख किलोमीटरच्या घरात गेला. त्या गटाने उत्तर चुकीचे असल्याचे लिहिले, पण कारण म्हणून मोजपट्टीला दोष दिला. उज्जैन निवडणाऱ्यांची गत जवळपास अशीच झाली. तिथे वेधशाळेत शंकू यंत्र (सावली मोजण्यासाठीचा उभा शंकू) आयतेच असल्याने त्यांना ते सोयीचे वाटले, पण इंदूर आणि उज्जैन यांच्या अक्षांशांत अर्ध्या अंशाचाही फरक नाही, आणि लष्करवासी सरांनी सांगितलेला धूसर पट्टा एकटाच तेवढ्या किमतीचा आहे.

सयाजीगंज_वाचक (बडोदा)

मग त्या गटाला आणखी एक आठवडा द्यायला हवा होता, असे मी म्हणेन, कारण बडोद्याची जोडी वाया गेलेली नाही, ती आडवी धरायची आहे. इंदूर आणि बडोदा यांच्या रेखांशांत 2.68 अंशांचा फरक आहे. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात, म्हणजे इंदूरचा मध्यान्ह बडोद्याच्या आधी पावणेअकरा मिनिटे होतो. सावलीची लांबी मोजण्याऐवजी मध्यान्हाची वेळ दोन्हीकडे टिपली की हा कोन हातात येतो. पूर्व-पश्चिम अंतर सुमारे 275 किलोमीटर आहे, त्यावरून आपल्या अक्षांशावरच्या वर्तुळाचा परीघ 37 हजार किलोमीटर निघतो, आणि त्याला 22.5 अंशांच्या कोज्येने (cosine) भागले की पुन्हा 40 हजारच येतात. सावलीच्या लांबीतून ज्या जोडीने सहापट मोठी पृथ्वी दिली, तीच जोडी वेळेतून नेमके उत्तर देते.

मध्यान्हाचा क्षण मात्र सावली सर्वांत आखूड होण्याची वाट पाहून टिपू नये, कारण त्या वेळी बरीच मिनिटे लांबी बदलल्याचे जाणवतच नाही. आपल्या जुन्या सिद्धांतग्रंथांत दिशासाधनासाठी शंकूभोवती वर्तुळ काढून सावलीचे टोक सकाळी आत शिरताना आणि दुपारी बाहेर पडताना खुणा करण्याची रीत आहे. त्या दोन खुणांच्या वेळा टिपल्या की त्यांच्या मधली वेळ हा मध्यान्ह. सकाळ-दुपारी सावलीचे टोक भराभर सरकत असल्याने वेळ अर्ध्या-एक मिनिटापर्यंत बांधता येते. अकरा मिनिटांत एका मिनिटाची चूक म्हणजे नऊ टक्के, हेही लपवत नाही.

माझ्या मते प्रश्न बदलू नये, त्याचे दोन टप्पे करावेत. पहिल्या टप्प्यानंतर प्रत्येक गटाला केवळ एक प्रश्न विचारून वही परत द्यावी. बडोदेकर गटाला एवढेच विचारायचे होते की, ही दोन गावे एकमेकांच्या कोणत्या दिशेला आहेत?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

दोन टप्प्यांची कल्पना चांगली आहे. वही परत देण्याचे काम वेळखाऊ असते हे मात्र शिकवणाऱ्यालाच ठाऊक.

आकडे जुळवण्यावर सर्वेक्षणात फार जुना उपाय आहे. फील्ड बुकमध्ये खोडरबर चालत नाही. वाचन शाईने, जागेवरच लिहायचे. चुकले तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवे लिहायचे, म्हणजे जुनेही वाचता येते. त्या पानाचे छायाचित्र त्याच दिवशी सरांकडे गेले पाहिजे. आधीच ठरवून खोटे लिहिणारा तरीही लिहील, पण उत्तर काढून झाल्यावर मागे जाऊन सावली सात मिलिमीटरने वाढवणे बंद होते, आणि बहुतेक जुळवाजुळव याच जातीची असते.

रामबागची_लेक (इंदूर)

सरांच्या याच वहीतून गटकामाची तक्रारही सुटू शकते. गटातील प्रत्येकाने तीच सावली स्वतंत्रपणे, दुसऱ्याचा आकडा न पाहता मोजावी आणि आपल्या नावापुढे लिहावी. पाच जणांचे पाच आकडे वेगळे येतील, आणि त्या आकड्यांचा विखुरलेपणा हाच चुकीच्या चर्चेचा पहिला परिच्छेद होईल. ‘मानवी चूक’ असे मोघम लिहिण्याऐवजी ती किती मिलिमीटर होती हे समोर दिसेल, आणि कोणी मोजायला आलेच नाही तर त्याच्या नावापुढची जागा कोरी राहील.

शंकुच्छाया (इंदूर)

हे मी तसेच्या तसे घेणार आहे. प्रश्न राहील, अंतर आणि वेळ यांविषयी प्रश्नात काही नसेल, गुणांची वाटणी आणि भाषेची मुभा प्रश्नाखाली छापलेली असेल, वाचने शाईने आणि प्रत्येकाची स्वतंत्र असतील. सोडवलेला नमुना मात्र मी देणार नाही. विद्यार्थ्यांची ही मागणी मला अजूनही मान्य नाही, कारण या प्रश्नाचा नमुना म्हणजे त्याचे उत्तरच होईल. हवे तर चंद्राचे अंतर काढण्याचे एखादे उदाहरण, त्यातील चुकीच्या चर्चेसह, वर्गात सोडवून दाखवता येईल.

दुसऱ्या टप्प्याविषयी वेळेचे गणित बसवून पाहते. तुकोगंजकर, ज्ञात उत्तराविषयीचे तुमचे म्हणणे मी वर्गात मांडीन, पण त्यावर माझे मन अजून पूर्ण वळलेले नाही.

तुकोगंजकर (इंदूर)

चंद्राच्या अंतराचे उदाहरण चालेल, मॅडम. चार गुण सहा करता आले तर पाहावे. बरोबर उत्तरापर्यंत पोहोचण्यासाठीही कष्ट पडतात.

सयाजीगंज_वाचक (बडोदा)

सप्टेंबरमधील विषुवदिनी आपण तिन्ही गावांतून एकदा मोजून पाहू या का, म्हणजे विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याआधी दोन टप्प्यांचा अंदाज येईल? त्या वेळी सूर्य घड्याळाच्या साडेसात मिनिटे पुढे असतो, त्यामुळे 23 सप्टेंबरला मध्यान्ह ग्वाल्हेरला 12 वाजून 10, इंदुरात 12 वाजून 19 आणि बडोद्यात 12 वाजून 30 मिनिटांच्या सुमारास येईल. पाऊस तोवर पूर्ण ओसरलेला नसेल, म्हणून आदल्या आणि दुसऱ्या दिवशीही काठी तयार ठेवावी लागेल. एका दिवसात सूर्य 0.4 अंश सरकतो, तेव्हा तिघांची वाचने एकाच तारखेची हवीत.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

मी तयार आहे. छिद्राची चकती वापरायची असेल तर छिद्र किती मिलिमीटरचे हे आधी ठरवा आणि तिघांनी तेच ठेवा. चकती वापरायची नसेल तर गडद सावलीची कड धरा, बाहेरची नको; ती ढगाळ उन्हात सापडत नाही.